मेहराबीवरचे टाचे

अन्याय झाला तो आमच्या गावच्या जुन्या मशिदीतल्या मेहराबीवर. गेल्या रमजान ईदच्या आदल्या शुक्रवारी, जुम्याची नमाज झाल्यावर. मेहराब म्हणजे इमाम जिच्यासमोर उभे राहतात ती भिंतीतली कमान.

मी जुन्या इमारती दुरुस्त करणारी आर्किटेक्ट. गाव कुंडलच्या शेजारचं, ऑफिस सांगलीत. त्या कमानीवरचे ऑइलपेंटचे थर मी हलक्या हातानं उतरवले होते. आतून काळा दगड निघाला, त्यावर कोरलेली वेल. भिंतींना चुना, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. चुना सावकाश धरतो. मशिदीच्या कमिटीला तेवढा धीर नव्हता. शेजारच्या गावात चकचकीत नवी मशीद झाली होती ना.

"त्यांची रस्त्यावरनं चमकती, आमची आत गेलं तरी काळीच," अध्यक्ष बाबूचाचा म्हणाले.

कमिटीच्या पोटातला हा इसाळ, ही जळफळ, अल्ताफनं ओळखली. अल्ताफ माझा मावसभाऊ, लोणंदला टाइल्सचा कॉन्ट्रॅक्टर. त्या शुक्रवारी मी सांगलीला गेलेली बघून त्यानं मेहराबीला सोनेरी टाइल बसवली. फुकटात, सवाब म्हणून, पुण्य लागावं म्हणून. ईदला त्याला हार, शाल, सगळ्यांचे सेल्फी. मला चाचा म्हणाले, "तू बी चांगली साफसफाई केलीस गं."

साफसफाई. जळले मी. अजून जळते.

चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, टाइल ती सोडू देत नाही. पावसाळ्यात टाइल फुगल्या, एक तर भर नमाजेत निखळली. चाचांचा फोन आला. मी खुशीत गाडी काढली, खोटं कशाला सांगू.

टाइल उतरवल्या. मागची वेल ओळखू येत नव्हती. सिमेंटनं पकड घ्यावी म्हणून अल्ताफच्या माणसांनी छिन्नीनं दगडाला टाचे मारले होते, खोल खाचा, पानापानावर. माझी खुशी तिथंच विझली.

"सिमेंटची पानं करून बसवू की," चाचांनी बोलावून घेतलेला अल्ताफ म्हणाला. "कुणाला कळतंय?"

"चाचा, तुमी ह्याच कमानीसमोर लहानाचे मोठे झालात," मी म्हटलं. "तुमाला न्हाई कळणार?"

चाचा बराच वेळ टाच्यांवरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच. दिसू दे."

टाचे तसेच ठेवलेत. भिंत कोरडी आहे. अल्ताफचा हारातला फोटो कमिटीच्या खोलीत अजून आहे.

तुमच्या गावात, देऊळ असो की मशीद, फुकटात टाइल बसवणारा कुणी आलाय का? मग आज मिटिंगला जा. उभं राहून विचारा, उद्या ही काढली तर मागचं जसंच्या तसं मिळेल का? उत्तर येईपर्यंत खाली बसू नका.