कँटीनमधली जपानी

आमच्या चाकणच्या कंपनीत पहिली शिफ्ट सुटली की कँटीनमध्ये जपानीचा वर्ग भरतो. परीक्षा पास होईल त्याला सहा महिने जपान! शब्द किती पाठ झाले ते विचारू नका. किस्से मात्र एवढे साचलेत की वहीची मागची पानं संपली.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "असा म्हणजे सकाळ."

आमचे लाइन सुपरवायझर भगवानराव, खेडकडचे. ते म्हणाले, "कसा?"

"असा."

"आवो मॅडम, पन कसा?"

"असाच!"

सकाळ व्हायला त्या दिवशी दहा मिनिटं लागली!

*

कंपनीत मोरीसान नावाचे जपानी इंजिनियर आहेत. भगवानरावांनी हातवारे करून त्यांच्याकडे लाइनसाठी नवा पंखा मागितला. मोरीसान मान डोलवत म्हणाले, "हाय, हाय."

महिना गेला, पंखा नाही. मॅडमनी सांगितलं, "अहो, हाय म्हणजे 'हो'. पण नुसतं 'ऐकतोय' असंही असतं."

"मंग न्हाई कसं म्हनत्यात?"

"ते म्हणतच नाहीत!"

*

ओजिसान म्हणजे काका, ओजीसान म्हणजे आजोबा. शाळेत माझे ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कायम गेले, ते इथेही गेले. पंचेचाळिशीच्या मोरीसानना मी आदराने काका म्हणायला गेलो...

आठवडाभर ते लिफ्ट सोडून जिने पळत चढत होते!

*

किरेई म्हणजे स्वच्छ, किराई म्हणजे नावडतं. ऑडिटच्या दिवशी पॅकिंगच्या रेखाताईंनी सगळं चकाचक केलं आणि मोरीसानना अभिमानाने सांगितलं, "फॅक्टरी किराई!"

मोरीसाननी इकडेतिकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "वाताशी मो."

म्हणजे, मलापण नाही आवडत!

*

ब्योइन म्हणजे हॉस्पिटल, बियोइन म्हणजे ब्युटी पार्लर. मॅडमनी दहादा म्हणून दाखवलं, आम्हाला दहादा एकच ऐकू आलं.

एकदा दुपारी मोरीसानचं पोट दुखायला लागलं. "ब्योइन," ते कसेबसे म्हणाले. भगवानरावांनी त्यांना गाडीत घातलं आणि थेट एसी सलूनमध्ये नेऊन बसवलं!

हे कळल्यावर मी घाबरून फोन केला. "भगवानराव, माणूस आजारी आहे! डॉक्टरकडे न्या!"

"आता? गळ्यात कापड बांधलंय, डोक्याला तेल चाललंय. डोळं मिटल्यात त्यांनी."

"झोपलेत की बेशुद्ध पडलेत?"

"त्येच कळंना राव!"

तासाभराने मोरीसान परत आले. केस कापलेले, चेहरा तुकतुकीत. पोटाचं विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ते आपणहून भगवानरावांपुढे येऊन उभे राहिले. हात पोटावर. आम्ही सगळे कान देऊन.

"भगवानसान," ते सावकाश म्हणाले, "किनोओ नो ब्योइन."

म्हणजे, कालचंच हॉस्पिटल हवंय!