न मोजलेलं वजन

लग्न होऊन मी अकोट तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा दहावीच्या पुढे शिकलेली दुसरी सून गावात नव्हती. अंगणवाडी सेविकेची जागा निघाली आणि ती मला मिळाली. मारोतीच्या देवळामागे ग्रामपंचायतीची एक खोली होती, वर टिनं, समोर हातपंप. सकाळी दहाला खोली उघडायची. तीन ते सहा वर्षांची पोरं यायची. त्यांना गाणी शिकवायची, बचतगटाच्या बायांनी शिजवून आणलेली खिचडी वाढायची आणि दीडच्या सुमारास घरी सोडायचं. तीन वर्षांखालच्या लेकरांना बसायची सोय नव्हती. त्यांच्या आयांना महिन्यातून एकदा कोरड्या पिठाची पाकिटं द्यायची, घरी शिजवून भरवायला. या लहानग्यांचं वजन मात्र दर महिन्याला करायचं, खोलीच्या वाशाला टांगलेल्या काट्यावर.

ही ती वर्षं, जेव्हा वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोज पेपरात असायच्या. गावात पांढऱ्या गाड्या यायच्या. साहेब लोक पारावर बसून सातबारा बघायचे, कुणाच्या घरी काय झालं ते विचारून लिहून घ्यायचे. त्यात चूक काही नव्हतं. पण ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, त्यांच्या दारात कुणी जात नसे. गावातली कापसाची अर्धीअधिक वेचणी याच घरांतल्या बाया करायच्या.

असंच एक घर गावाच्या कडेला होतं, पिंजाऱ्याचं, आपसात हिंदी बोलणारं. माणूस खांद्यावर धनुकली टाकून गाद्या पिंजायला गावोगाव फिरायचा, अंजनगाव, परतवाड्यापर्यंत जायचा आणि आठ-आठ दिवसांनी परतायचा. बायको दिवाळीपासून कापूस वेचायला जायची. घरात म्हातारी सासू होती, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. थोरली पोरगी चार वर्षांची, ती माझ्याकडे यायची. धाकटी दोन वर्षांचीही नव्हती. तिला आई सोबत शेतात न्यायची. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची आणि तिच्यात तिला ठेवायची.

बाया सकाळी सातला निघायच्या आणि दिवस मावळताना यायच्या. माझी खोली उघडायच्या आत गाव रिकामं झालेलं असे. त्यामुळे वेचणीच्या दिवसांत लहान लेकरं मला दिसतच नसत. काट्यावर कुणाला घालणार? रजिस्टर तर महिन्याच्या पंचवीस तारखेला द्यावं लागे, आणि रिकामा रकाना चालत नसे. मग मी मागच्या महिन्याचं वजन बघून त्यात शंभर-दोनशे ग्रॅम वाढवून लिहायची. सगळ्याच सेविका असं करतात, असं मी स्वतःला सांगत होते. त्या धाकटीचं वजन मी तीन महिने असंच लिहिलं. शेवटचं लिहिलं होतं साडेआठ किलो. तक्त्यावर ते पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे थोड्या कमी वजनात येत होतं; त्याच्या खाली धोक्याचा लाल पट्टा. तशी गावात बरीच लेकरं पिवळ्यात होती, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

एक दिवस खिचडी वाढताना थोरलीने वाटी पुढे केली आणि म्हणाली, "बाई, अजून द्या. घरी नेते."

"घरी न्यायची नाही. अठीच बसून खा," मी म्हटलं. नियमच तसा होता.

माझी मदतनीस वयाने माझ्याहून मोठी, मी तिला मावशी म्हणायची. ती हळूच मला म्हणाली, "बाई, तिची बहीण आज घरीच हाये. हगवण लागली म्हणते. माय तिले म्हातारीपाशी टाकून वेचाले गेली."

पोरं सोडल्यावर मी गेले. जाताना काटा काढून पिशवीत घातला. का घातला ते आज सांगता येणार नाही. हगवण लागलेल्या लेकराकडे जाताना मीठ-साखरेची पुडी न्यायची असते, ती मी विसरले आणि काटा मात्र नेला.

म्हातारी ओट्यावर बसली होती. पावलांच्या आवाजावरून तिने ओळखलं. "कोन? बाई क्या? देखो ना बाई, ये तो रोती भी नहीं."

धाकटी आत गोधडीवर पडली होती. केस तांबूस, कोरडे, मक्याच्या कणसाच्या झुबक्यासारखे. हातपाय काड्या, पण पावलं सुजलेली. आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं, तसं मी अंगठ्याने पाऊल दाबलं. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. मी आढ्याला काटा टांगला आणि तिला त्याला लोंबणाऱ्या कापडी चड्डीत बसवलं. काट्याच्या चड्डीत बसवलं की लेकरं घाबरून किंचाळतात. ती नुसती बघत राहिली. काटा सहा किलो आठशेवर थांबला. मी दुसऱ्यांदा बघितलं. तेवढंच होतं.

म्हातारी विचारत होती, "कितना हुआ?" मी साखर-मीठ मागून पाणी केलं आणि चमच्याने पाजत संध्याकाळपर्यंत तिथंच बसले.

आई आली तेव्हा तिच्या ओटीला अजून कापसाचे पुंजके चिकटलेले होते. मला बघून ती दारातच थबकली.

"हिला अकोल्याले न्यावं लागते," मी म्हटलं. "सरकारी दवाखान्यात अशा लेकरांचा वेगळा वॉर्ड आहे. चौदा दिवस ठेवतात. आईलाही सोबत ठेवतात, जेवण देतात."

"चौदा दिवस?" ती खाली बसली. "बाई, चौदा दिवस मी तठी बसली तं अठी अम्माले कोन पाहीन? थोरलीले कोन पाहीन? अन् वेचणी हेच दिवस हाये. एकदा टोळीतून निघाली का मुकादमीन दुसरी बाई घेते."

"तुझी मजुरी बुडते त्याचे पैसे मिळतात. तसा कागद आहे."

"कधी मियतात?"

ते मला माहीत नव्हतं.

"अन् तुमी तं दर महिन्याले वजन लिहिता ना बाई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात आरोप नव्हता, ती खरंच विचारत होती. "मंग हे कधी झालं?"

मी तिला सांगितलं की तीन महिने मी न मोजता लिहिलं. ती उठून चुलीपाशी गेली आणि पाठ करून भाकरीचं पीठ मळायला लागली. म्हातारीच काय ती म्हणाली, "जाने दो बाई. तुम आई तो सही."

दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझर मॅडमना गाठलं. त्यांच्याकडे तीसेक अंगणवाड्या होत्या, आणि एसटीने आणि पायी त्या सगळीकडे फिरायच्या. मी रजिस्टर समोर ठेवलं.

"मागच्या महिन्यात साडेआठ, आणि आता सहा-आठशे? एकदम लालमध्ये?" त्या म्हणाल्या. "तालुक्याला मी काय सांगू? या महिन्यात साडेसात लिहा, पुढच्या महिन्यात खाली आणू."

"पुढच्या महिन्यापर्यंत ती राहणार नाही, मॅडम."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाल्या, "खरं लिहिलंत तर तुम्हाला नोटीस येईल. मला थांबवता येणार नाही."

"येऊ द्या."

मग त्यांनीच पेन काढून दवाखान्याला द्यायची चिठ्ठी लिहिली, आणि अकोल्याला कुणाला तरी फोन करून पलंग रिकामा आहे का ते विचारून घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांना वाईट म्हटलं नाही. तीस गावांची लेकरं त्यांना कागदावरच बघावी लागत होती.

गावात परत आले तर मावशी माझ्या आधी त्या घरी जाऊन बसली होती. ती एकटी बाई, नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली. तिने आईला सांगून टाकलं होतं, "थोरली माह्यापाशी झोपीन. अम्माच्या भाकरी मी आणून देईन. तू जाय." मुकादमीन बाईकडेही तीच गेली होती. तिथं काय भांडण झालं ते तिने कधी सांगितलं नाही, पण पंधरा दिवस जागा ठेवायचं मुकादमीन कबूल झाली.

पिंजारी त्याच संध्याकाळी फिरून आला. सगळं ऐकून घेतलं, पोरीला मांडीवर घेतलं. "सुबह की पहली गाडी से चलो," एवढंच बोलला. सकाळी पोरीला छातीशी धरून तोच फाट्यापर्यंत चालत आला. मी आणि आई पोरीला घेऊन अकोटला उतरून अकोल्याच्या बसमध्ये बसलो. तो फाट्यावरून परत फिरला, कारण म्हातारीजवळ कुणीतरी हवं होतं.

वॉर्डात आठ-दहा पलंग होते. भिंतीवर हत्ती आणि ससा काढलेले. दर दोन तासांनी नर्स वाटीत मोजून दूध आणायची. आईला ते पटेना. "एवढुसंच? भुकेलं लेकरू हाये, पोटभर द्या ना." नर्सने समजावून सांगितलं की फार दिवस उपाशी राहिलेल्या लेकराला एकदम पोटभर दिलं तर ते सोसत नाही. मी रात्रीच्या गाडीने गावी परतले.

चौथ्या दिवशी माझ्या मालकांच्या मोबाइलवर फोन आला. दवाखान्यासमोरच्या फोनच्या डब्यावरून आई बोलत होती. "बाई, वजन अजून कमी झालं. सहा-चारशे. मी हिले घेऊन येऊन राहिली घरी. मरनार असन तं घरी मरू दे."

"मी येते. मी येईपर्यंत निघू नको," मी म्हटलं.

दुपारी पोचले तर ती पिशवी भरून पलंगावर बसली होती. नर्सही वैतागलेली. "सूज उतरली की वजन कमी होतंच हो. ते पाणी होतं. मी दोनदा सांगितलं यांना." मी आईचा हात धरून पोरीच्या पावलावर ठेवला आणि म्हटलं, "दाबून बघ." तिने दाबलं. खळगा पडला नाही. ती दाबत राहिली, एकदा या पावलावर, एकदा त्या. मग पोरीला ते सहन होईना आणि तिने भोकाड पसरलं. सगळा वॉर्ड बघायला लागला.

"रडली ना?" नर्स म्हणाली. "आली तेव्हा तिच्यात रडायचंही त्राण नव्हतं."

आईने पिशवी पलंगाखाली सारली. ती चौदाच्या जागी एकूण अठरा दिवस राहिली; वरच्या तीन दिवसांसाठी मावशी मुकादमिनीशी पुन्हा भांडून आली. सुटी झाली तेव्हा पोरीचं वजन साडेसातच्या पुढे गेलं होतं. अजून लालमध्येच, पण वर चाललेलं.

गावी आल्यावर खरी अडचण सुरू झाली. आईला वेचणीला जाणं भाग होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की लेकराला दिवसातून पाच-सहा वेळा भरवा. शेतात बांधावर ते कसं होणार? घरी म्हातारीला वाटी दिसत नव्हती. पाकिटातलं पीठ शिजवायलाही कुणी नव्हतं. कागदावर या घराला सगळं मिळत होतं, पाकीट, लस, वजन, दवाखाना. दिवसभर लेकराला मांडीवर घेणारं माणूस मात्र त्यात कुठं नव्हतं.

मी मावशीला म्हटलं, "आपण सकाळी साडेसहाला उघडू, बाया शेतातून येईपर्यंत."

"मानधन तेवढंच देतीन," ती म्हणाली.

"हो."

"अन् तिनाच्या खालचं लेकरू बसवाची परवानगी नाई आपल्याले."

"ते पण खरं."

तिने चटई उलटून बघितली. "चटई धुवा लागीन मंग. अन् पाळणा कोनाकडून तरी आना लागीन."

पाळणा माझ्याच घरातून आणला. पहिल्या दिवशी एकटी धाकटी होती. आठवड्याभरात दुसऱ्या बाया विचारू लागल्या आणि महिन्याच्या आत खोलीत तीन वर्षांखालची नऊ लेकरं झाली. मावशी दिवसभर कुणाला पुसत, कुणाला भरवत असायची आणि मला शिव्या देत असायची. पाकिटातलं पीठ आम्ही तिथंच गुळाच्या पाण्यात शिजवायचो. घरी तेच पीठ शेळ्यांना जात होतं, इथं लेकरं चाटून खात होती. खिचडी थोडी कमी पडायची, पण बचतगटाची बाई न बोलता एक मूठ तांदूळ जास्त टाकायला लागली.

मॅडम पाहणीला आल्या तेव्हा नऊही लेकरं चटईवर झोपलेली होती. त्यांनी मोजली, मला काही विचारलं नाही. शेरेबुकात लिहिलं, "केंद्र स्वच्छ आहे." नोटीस मात्र वरून आलीच, चुकीच्या नोंदींबद्दल. मी उत्तरात जे झालं ते लिहून दिलं. एका महिन्याचं मानधन कापलं गेलं. आईला बुडीत मजुरी मिळाली ती वेचणी संपून, उन्हाळा लागल्यावर.

तीन हंगाम आम्ही खोली साडेसहाला उघडली. मग मावशीचे गुडघे गेले. तिच्या जागी आलेल्या पोरीला स्वतःचं तान्हं होतं, तिला पहाटे जमेना, आणि मला एकटीला ते निभेना. त्या हंगामातली चार लेकरं परत बांधावर गेली. हे मी लिहून ठेवते, कारण लोक विचारतात तेव्हा मी फक्त चांगलं तेवढंच सांगते.

पिंजाऱ्याचं कुटुंब त्याआधीच अकोल्याला गेलं होतं. दुकानात तयार फोमच्या गाद्या यायला लागल्या आणि गावोगाव पिंजायचं काम संपलं. काही वर्षांनी मी प्रशिक्षणासाठी अकोल्याला गेले होते, तेव्हा जठारपेठेत रस्त्यावर मला कुणीतरी मागून हाक मारली, "बाई!" ती आईच होती. तिथल्या दोन घरी ती स्वयंपाक करत होती. मला ओढतच घरी घेऊन गेली. अम्मा वारली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, शेवटची दोन वर्षं तिला नातींची तोंडं दिसली, असं तिने सांगितलं.

चहा होईपर्यंत धाकटी शाळेतून आली. उंच, सडपातळ, दोन वेण्या.

"सलाम कर," आई म्हणाली. "ये बाई हैं."

"कौनसी बाई?" पोरीने विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "गाववाली."

पोरीने सलाम केला, हातपाय धुतले आणि भाकरीचा डबा उघडून बघितला. आत भाजी नव्हती म्हणून ती आईशी भांडायला लागली.