फ्लेक्सवरची लेक

आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचं सूत्रसंचालन मी अकोल्यात वर्षानुवर्षं केलं, फुकट केलं आणि चवीचवीने केलं. डोक्यावर लाल फेटा, हातात माइक, समोर गच्च भरलेलं मंगल कार्यालय, मागून येणारा आलू-वांग्याच्या भाजीचा वास. एवढी हौस तर माझ्या स्वतःच्या लग्नातही भागली नव्हती.

त्या वर्षी मात्र फाटकातच माझं डोकं फिरलं. फाटकावर भलाथोरला फ्लेक्स. त्यावर मुंबईची एक नटी: हिरवट डोळे, लोण्यासारखा रंग, उघडे खांदे. खांद्यांवर कार्यकारिणीने संगणकावर पदर रंगवून घेतला होता. खाली अक्षरं होती, ‘समाजाची लेक, समाजाचा अभिमान’.

हिची आई आमच्या समाजाची, वडील विलायतेतले गोरे. टीव्हीवर तेव्हा रोज भांडण लागायचं की ही आपली का परकी, आणि हिचं रूप कोणाच्या बाजूचं. आमच्या अध्यक्षांनी त्याचा निकाल अकोल्यात बसून लावला होता.

“भाऊ, आई आपली म्हनजे लेक आपली,” ते मला म्हणाले. “रक्त आईचंच राह्यते.”

याच अध्यक्षांनी महिन्याभरापूर्वी माझ्या भाचीला मेळाव्यात नाव नोंदवू दिलं नव्हतं.

माझी बहीण म्हणजे हिवरखेडची पोर. अमरावतीला नर्स झाली आणि दवाखान्यातल्याच केरळच्या एका माणसाशी तिने लग्न केलं. त्या दिवसापासून समाजाने तिला हळदीकुंकवालाही बोलावलं नाही. मेहुणे वारले, आणि तिच्या मनात एकच गोष्ट उरली. लग्न जमो न जमो, आपल्या लेकीने एकदा त्या मंचावर उभं राहून आपण कोणाची ते सांगावं. भाची बापावर गेलेली. काळी, उंच, मोठ्या डोळ्यांची, बोलायला अस्सल वऱ्हाडी, आणि फ्लेक्सवालीपेक्षा कितीतरी देखणी. मी मामा आहे म्हणून सांगत नाही. म्हणजे, म्हणूनही सांगतो.

“पोट्टी चांगली हाय,” अध्यक्ष तेव्हा म्हणाले होते, “पन बाप बाहेरचा ना बा. समाज काय म्हनन?”

आता त्यांच्याच फ्लेक्सखाली उभा राहून मी विचारलं, “मंग हिचा बाप का वाशिमचा हाय?”

“तिची गोष्ट वेगळी हाय, भाऊ.”

वेगळी काय होती ते मला वर बघताच कळलं. बाप गोरा असला की आईचं रक्त जोरदार, आणि बाप काळा असला की त्याच रक्ताचं पाणी. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पण समोर इतके प्रेक्षक असताना राग एकट्याने गिळून टाकणं हा माझ्या मते गुन्हा आहे. मी गोड आवाज काढला.

“अध्यक्षसाहेब, नुसता फ्लेक्स काहून? अभिनंदनाचा ठराव घेऊ. हात वर करून, मंजूर!”

ते खूश झाले. बहीण आणि भाची नुसता मेळावा बघायला म्हणून येऊन बायकांच्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. मी भाचीच्या कानाशी जाऊन विचारलं, “बोलशील का?”

“माइक चालू असला तं बोलीन, मामा.”

मेळावा सुरू झाला. पोरी एकेक करून यायच्या, शिक्षण सांगायच्या, उंची सांगायच्या आणि मग अपेक्षा: मुलगा नोकरीवाला हवा, घरी शेती असावी, पण मुलगा शेतकरी नसावा. कपाशीने गावंच्या गावं कर्जात बुडवली होती, पोरींना तरी काय बोलायचं? मागे कडक इस्त्रीचे शर्ट घालून शेती करणारी पोरं बसली होती. दर पोरीला त्यांच्या माना आणखी खाली जात होत्या.

मग मी फ्लेक्सवाल्या नटीचं नाव घेऊन ठराव मांडला. “जिची आई आपली, तिचा बाप कुठलाही असो, ती लेक आपल्या समाजाची. मंजूर?”

सगळ्या सभागृहाचे हात वर गेले. अध्यक्षांनी तर दोन्ही हात वर केले.

“मंजूर! आता या ठरावाप्रमाणे आपली पुढची लेक,” असं म्हणून मी भाचीला हाक मारली.

वर गेलेले हात घाईघाईने खाली आले. ती ताठ चालत आली आणि तिने माइक धरला.

“माझी आई हिवरखेडची. वडील केरळचे, ते वारले. मी अमरावतीले लॅबमंदी काम करते. रंग तुमाले दिसूनच राह्यला. मुलगा निर्व्यसनी पाह्यजे. शेतकरी असला तरी चालते, पन मी नोकरी सोडनार नाई.”

मागच्या रांगांतून शिट्टी आली, मग टाळ्या. आणि माइक मेला. अध्यक्षांनी सफारी सावरत स्वतःच्या हाताने वायर उपटली होती.

“लाइन गेली,” ते मला म्हणाले. डोक्यावर पंखे गरगरत होते.

आमची जेवणं झाल्यावर एक शेतकरी गृहस्थ मुलाला घेऊन आमच्याकडे आले. “पोरगी लय चांगली बोलली. आमच्या पोट्ट्यासाठी पाहूपाहू थकलो आमी.” बहिणीचा चेहरा उजळला. मग ते माझ्या कानाशी आले, पण आवाज काही कमी केला नाही. “पन भाऊ, थे केरळवाले म्हनजे नेमके कोन? आपल्या बरोबरीचे का खालचे?”

भाचीने फाटकाकडे बोट केलं. “काका, तिच्या बापाचं विचारलं का कोनी?”

गृहस्थांनी फ्लेक्सकडे पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाले, “तिचं काय बापा! थे का आपल्या घरी नांदाले येनार हाय?”

मुलगा बुटांकडे बघत उभा होता. एक शब्द बोलला असता तर मी त्याला तिथेच फेटा बांधला असता. फ्लेक्सवर ज्या रक्ताचा अभिमान, त्याला उंबऱ्याच्या आत जागा नाही, हे त्या भल्या माणसाला इतकं साधं वाटत होतं की मला त्याच्यावर ओरडताही येईना. मी तरातरा गेलो, फेटा काढला आणि अध्यक्षांच्या ताटात, बुंदीवर ठेवला. पुन्हा त्या मंचावर चढलो नाही.

त्या दोघींना पोचवायला निघालो तेव्हा अमरावतीच्या एसटीत मी अध्यक्षांच्या सात पिढ्या काढत होतो. बहीण खिडकीतून बाहेर बघत होती. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाली, “दादा, उठून वायर काढा लागली नं त्याले?”

“हो.”

“म्हनजे पोरीचं आयकलं त्यानं,” ती म्हणाली, आणि तिने लेकीचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं.