मडीचं पातळ आणि बुटका सायप्रस

एचएसआर लेआउटमधल्या आमच्या घरापुढे अंगण म्हणावी एवढी थोडी माती आहे. तिच्यात पत्नीनं एक बुटका सायप्रस लावला होता. कमरेएवढा, गोल घेराचा, पिसासारख्या मऊ पानांचा. हा थंडीत पानं गाळतो, असं रोपवाटिकेतल्या माणसानं तिला सांगितलं होतं आणि तिनं मला. त्या पहिल्या थंडीत आम्ही दवाखान्यात होतो. झाडाकडे कोणी पाहिलं नाही. माघात ती गेली.

पुढच्या थंडीत सायप्रस आधी विटकरी झाला, मग साफ उघडा. मला भेटायला येणारी माणसं फाटकातच थबकत आणि आत आल्यावर आधी झाडाबद्दल हळहळत. एका शेजाऱ्यांनी ताक घालायला सांगितलं, दुसऱ्यांनी हिंगाचं पाणी. मी पुस्तकं काढून बसलो. ही जात पानं गाळते, असं त्यांत स्वच्छ लिहिलं होतं. पण मेलेलं झाडही पानं गाळतंच. नखानं साल खरवडली की जिवंत झाड आत हिरवं दिसतं, असंही लिहिलं होतं. खरवडायचा धीर मला होत नव्हता.

वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी चामराजपेटेहून माझी थोरली बहीण, अक्का, भांडीकुंडी घेऊन आली. ऑटोतून उतरता उतरताच तिला झाड दिसलं.

"हे काय रे? दारात वाळकं झाड ठेवून श्राद्ध करणार तू?"

"झोपलंय ते, अक्का."

"झोपलेलं माणूस घोरतं तरी!"

"अगं, पुस्तकात दिलंय की थंडीत..."

"पुस्तकाला श्राद्धाचं काय कळतं? उद्या संध्याकाळी माळ्याला बोलाव. उपटून टाकू दे."

मी "सरी", म्हणजे बरं, म्हणालो. अक्काला नाही म्हणणं आमच्यात कोणाला जमलेलं नाही. मेहुण्यांनी तर जन्मभर प्रयत्न केला. माळ्याला फोन करून मी आत जाऊन बसलो. अंगणाकडची खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काचं पातळ वाळत घालायचं निघालं. श्राद्धाचा स्वयंपाक मडीत, म्हणजे सोवळ्यात. त्यासाठी पातळ आदल्या दिवशी धुऊन, कोणी शिवणार नाही अशा जागी वाळवायचं. गच्चीवर वरच्या भाडेकरूंच्या जीन्स लोंबत होत्या. घरातल्या स्टँडवर माझे बनियन. अक्का ओलं पातळ घेऊन घरभर फिरली आणि शेवटी अंगणात गेली. पानं नाहीत म्हणजे डाग पडायचा नाही, असं म्हणत तिनं पातळाची चौपदरी घडी सायप्रसवर पसरली.

संध्याकाळी माळी फावडं घेऊन आला. तो झाडाजवळ पोचतो न पोचतो तोच आतून अक्काचा आवाज आला, "मुट्टबेड! शिवू नको! मडी आहे!"

माळी फावडं उचलून तसाच उभा राहिला. "अम्मा, झाड काढायला तुम्हीच बोलावलं ना?"

"काढ की! पण पातळाला शिवू नको."

त्यानं झाडाला एक फेरी मारली, दुसऱ्या बाजूनंही पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "सार, उद्या येतो." मी त्याला कॉफी पाजली. इतक्या आनंदानं मी वर्षभरात कोणाला काही दिलं नव्हतं.

आभाळ भरलेलं होतं, पातळ काही वाळेना. रात्रभर ते तिथंच राहिलं. पहाटे अंघोळ करून अक्का ते काढायला गेली आणि बराच वेळ आत आली नाही. मी दारात गेलो. पातळ काखेत धरून ती झाडावर वाकली होती. फांद्यांच्या टोकांना मोहरीएवढे हिरवे ठिपके फुटले होते.

मी पुढे झालो.

"तिथंच थांब! मी मडीत आहे." मग पाठमोरीच म्हणाली, "माळ्याला फोन कर. येऊ नको म्हण."

"सरी."

"आणि पाणी घाल त्याला. स्वल्पच. लांबून."

मी नळाला पाइप लावला आणि लांबून पाणी घातलं. चष्मा ओला झाल्यामुळे झाडाला किती गेलं ते नीट दिसलं नाही.