कॅप्टन दारातून परत फिरला

नमस्कार. मी या साइटवर आजवर फक्त वाचत आले, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचत आले. पिंपळ, पांढरी साडी, अमावास्या... जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या पोरी मोठ्याने वाचून दाखवतात आणि मी डबा खाते. यातल्या कशावर माझा कधी विश्वास बसला नाही. आम्ही बौद्ध. घरात कोणी नुसतं 'आत्मा' म्हटलं तरी सासरे हातातला घास ठेवून समजवायला बसायचे. त्यात माझी नोकरी तपासणीची. वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या एका कंपनीत मी क्वालिटी बघते. खोकं उघडून बघितल्याशिवाय ओके म्हणायचं नाही, हे माझं काम. तर हे खोकंही तुमच्यासमोर उघडून ठेवते. आत काय आहे ते तुम्ही सांगा, मला सांगता येत नाही.

आधी जागा. डोंबिवली पश्चिम, कोपर स्टेशनजवळ आमचा वन बीएचके. हॉलमध्ये दिवाण, दिवाणासमोर टीव्ही, आणि हॉलला लागून किचन. किचनमधून हॉलमधलं सगळं ऐकू येतं, पण दिसत काही नाही. हे लक्षात ठेवा.

माझा नवरा मिलिंद गेल्या वर्षी गेला. लिव्हरचं दुखणं. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, तरी लोकांनी विचारायचं ते विचारलंच. त्याची धाकटी बहीण करुणा, ठाण्याला कोपरीत राहते. पूर्वी तिथे या भावंडांची चाळ होती, आता बिल्डिंग झाली आहे. शाळेत शिक्षिका आहे, लग्न केलं नाही. बाई चांगली आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यातून तसं वाटणार नाही.

या दोघा भावंडांचा एक एपिसोड होता. अंतराळयानाची एक जुनी इंग्रजी मालिका, त्यातला. मालिकेचं नाव देत नाही. त्यावर इथे वाद घालायला लोक येतील आणि माझी गोष्ट राहून जाईल. एपिसोड असा — यानाचा कॅप्टन एके दिवशी आपल्या खोलीत येतो, तर खुर्चीत राखाडी कोटातला एक साधा माणूस बसलेला. बँकेतल्या ऑफिसरसारखा. तो म्हणजे मृत्यू. म्हणतो, चला, वेळ झाली. कॅप्टन रडत नाही, भांडत नाही. म्हणतो, आधी मला चार्ज देऊ दे. मग तो यानभर फिरून एकेकाला आपलं काम नीट समजावून देतो आणि तो कोटवाला मागे मागे शांतपणे फिरतो. शेवटी दोघं यानाच्या दारापाशी येतात. दार उघडतं, बाहेर काळोख. कॅप्टन वळून काहीतरी बोलणार...

आणि टेप तुटते. पुढच्या दृश्यात कॅप्टन आपल्या खुर्चीत, दार बंद, कोटवाला गायब.

मधलं का नाही, तर चाळीमुळे. मिलिंद कॉलेजला असताना शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणून हे रेकॉर्ड करत होता. कॅसेट महाग, म्हणून जाहिराती लागल्या की पॉज दाबायचा. पडदा काळा झाला, त्याला वाटलं जाहिरात आली, त्याने पॉज दाबलं. नेमकं तेव्हाच चाळीत पाणी आलं. पाणी आलं म्हटल्यावर चाळीत माणूस मेलेला असला तरी उठून बसतो. दोघं हंडे घेऊन पळाले, आणि परत आले तेव्हा दार बंद झालेलं. कॅप्टन काय बोलला, दोघांनीही पाहिलं नाही. पुढे तो एपिसोड त्यांना कुठेच मिळाला नाही, इंटरनेटवरही नाही.

तर मग तो त्यांचा खेळ झाला. ती जागा आली की एकाने दुसऱ्याला विचारायचं, "आज कॅप्टन काय म्हणाला?" आणि ज्याची पाळी असेल त्याने सांगायचं. कधी म्हणे, "कोट कुठे शिवला?" कधी, "सुट्टे आहेत का?" दोघं हसून हसून लाल व्हायची. पन्नाशी गाठली तरी.

लग्न होऊन आल्यावर मी विचारलेलं, यात हसण्यासारखं काय आहे? मिलिंद म्हणाला, "काही नाही गं, तुला कळणार नाही."

अगदी प्रेमाने म्हणाला. पण संसारभर मला हेच उत्तर मिळालं.

आजारपणात करुणा दर रविवारी यायची. कॅसेटवरून पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलेला एपिसोड पर्समध्ये घेऊनच यायची. म्हणजे बघा — पथ्याचं मी करायचं, औषधं मी द्यायची, चादरी मी बदलायच्या, डॉक्टरांशी मी बोलायचं. आठवडाभर तो माझ्याशी गोळ्या आणि संडास याच विषयांवर बोलायचा. आणि रविवारी बाईसाहेब इस्त्रीचा ड्रेस घालून यायच्या, टीव्हीला पेन ड्राइव्ह लावायच्या, की याचा चेहरा उजळायचा. मी हॉलमध्ये आले की दोघं गप्प. चहा ठेवून वळले की पुन्हा खसखस. मला हेवा वाटायचा. याला दुसरा शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही.

त्या रविवारी दुपारी मी किचनमध्ये होते. कुकरमध्ये त्याच्यासाठी मुगाचं वरण लावलेलं. हॉलमधून कॅप्टन चार्ज देत असल्याचं ऐकू येत होतं. मग ती तुटलेली जागा आली आणि करुणाचा आवाज — "दादा, तुझी पाळी. आज कॅप्टन काय म्हणाला?"

उत्तर आलं नाही.

"दादा?"

मग तिने मला हाक मारली. "वहिनी." एकदाच. मी हातातलं टाकून होते तशी पळाले. पोचले तेव्हा तो गेला होता. भिंतीच्या पलीकडे होते मी. त्याच्याजवळ ती होती.

त्यानंतर डॉक्टर, शेजारीपाजारी, बंगलोरला मुलीला फोन. सगळी जमवाजमव माझ्याकडे. बऱ्याच वेळाने मी किचनमध्ये गेले आणि कुकर बघून आठवलं. गॅस चालू ठेवून पळालेले. पण गॅस बंद होता. शेगडीचं बटण नव्हे, खाली सिलिंडरचा रेग्युलेटर बंद होता. वरण व्यवस्थित शिजलेलं. कोणीतरी केला असेल बंद, म्हणून मी तो विषय तिथेच सोडला. त्या दिवशी गॅसचा विचार कोण करतंय.

आमच्याकडे पिंड, दहावं-तेरावं नसतं. शेजारच्या सावंतकाकूंनी विचारलंच, "गो बाय, कावळो शिवलो मा?" म्हटलं, "आमच्यात नसतं हो काकू." त्या हळहळल्या. "मग तेका काय होया होता ता कळतला कसा?" मी म्हटलं, "नाही कळत." आमच्यात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. भन्तेजी येतात, त्रिशरण-पंचशील होतं, मग एकेक नातेवाईक उभा राहून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. करुणा उभी राहिली. कॅप्टनची सगळी गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाली, "दादाची पाळी होती. त्याने उत्तर दिलं नाही. आता मी कोणाला विचारू?" अख्खा हॉल रडला. माझे मामेसासरे, ज्यांना मालिका म्हणजे सासू-सून एवढंच माहीत, तेही रडले.

मला कोणी बोला म्हटलं नाही. मी खिरीचं बघत होते.

एक मात्र डोक्यात बसलं. ती म्हणते तो बोलला नाही. खरंच नाही बोलला, की बोलला आणि हिने स्वतःकडे ठेवलं? आणि बोलला असेल, तर माझ्याबद्दल काही होतं का त्यात? इतक्या वर्षांच्या संसारात त्याने जाताना माझ्यासाठी काहीच ठेवलं नाही, हे मला पचत नव्हतं. एक दिवस मी सरळ फोन केला.

"करुणा, तो पेन ड्राइव्ह मला दे."

"तू काय करणार गं वहिनी त्याचं? तुला तर ते आवडत नाही."

"बघणार."

"मी येऊ? बरोबर बघू."

"नको. एकटीच बघते."

 दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कोपरला येऊन देऊन गेली. चहाही घेतला नाही.

रविवारी दुपारी मी टीव्हीला तो लावला. खाली चटई, मांडीवर ताट, निवडायला मेथीची जुडी. हे मुद्दाम लिहिते, कारण पहिला प्रश्न 'डोळा लागला असेल' हाच येणार. सगळं संपलं तेव्हा जुडी निवडून झालेली होती, देठ वेगळे, पानं वेगळी. झोपेत मेथी निवडली जात नाही.

एपिसोड बरा आहे. कॅप्टन कामाला चोख माणूस, मला आवडला. चार्ज देताना एकालाही घाईने समजावत नाही. दोघं दाराशी आले. दार उघडलं, काळोख. आता तुटणार म्हणून मी खाली मेथीकडे बघितलं...

आवाज चालूच राहिला.

वर बघितलं तर कॅप्टन अजून दारातच. कोटवाल्याला हाताने 'थांब' अशी खूण करून तो परत फिरला. तो लांबलचक बोळ पुन्हा चालत गेला, जिना उतरला, एका लहानशा खोलीत शिरला. स्वयंपाकाची खोली. तोवर एपिसोडमध्ये ती खोली एकदाही दाखवली नव्हती. तो गुडघ्यावर बसला, ओट्याखाली हात घातला, कसलातरी नॉब फिरवला. मग पुन्हा फिरवून बघितला, नीट बसलाय ना. उठून गुडघा झटकला. आणि कॅमेऱ्याकडे बघून इंग्रजीत एवढंच म्हणाला — बंद आहे.



तुम्हाला सांगते, मिलिंद घरातून कधी सरळ बाहेर पडला नाही. लग्नाला निघायचं असो, दवाखान्यात निघायचं असो. कुलूप लावलं, लिफ्ट आली, की हा म्हणायचा, "थांब." परत कुलूप उघडणार, चपला काढणार, किचनमध्ये जाऊन गुडघ्यावर बसणार, रेग्युलेटर बघणार, पुन्हा बघणार, गुडघा झटकत बाहेर येणार आणि म्हणणार, "बंद आहे." मी रोज चिडायचे. "अरे, मी शेगडीचं बटण बंद केलंय ना, स्फोट होणारे का?" आमच्या घरात रेग्युलेटर त्याच्याशिवाय कोणीही कधी बंद केलेला नाही. मी तर नाहीच. वाकायचा कंटाळा.

मी रिमोट घेतला आणि मागे नेऊन पुन्हा लावलं. दार उघडलं, काळोख, आणि टक् — कॅप्टन खुर्चीत. जसं त्यांच्याकडे होतं तसंच तुटलेलं. पुन्हा लावलं, तेच. पुन्हा, तेच.

सोमवारी ऑफिसात कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलाला पेन ड्राइव्ह दाखवला. म्हणाला, "मॅडम, एकच फाइल आहे. मध्ये कट आहे, ओरिजिनल कॅसेटमधलाच असणार." दुसरी प्रत लपलेली नाही, काही नाही.

मग मी रेग्युलेटरच्या मागे लागले. सावंतकाकू त्या दिवशी सगळ्यात आधी आलेल्या. त्यांना विचारलं. म्हणाल्या, "मी भायरच होतंय गो. मेलेल्याच्या घरात सैंपाकघरात शिरतत काय?" मग करुणाला फोन केला.

"त्या दिवशी गॅस तू बंद केलास?"

"कुठला गॅस? मी दादाजवळून उठलेच नाही. का गं?"

"असंच."

"वहिनी, तू एपिसोड बघितलास ना? काय झालं?"

आता बघा. तिची पाळी नव्हती, त्याची होती. त्याचं उत्तर राहिलं होतं, आणि ते माझ्याकडे आलं होतं. तिला सांगितलं असतं तर ती रडली असती, हसली असती, रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन आली असती, आणि मग ते उत्तर दोघींचं झालं असतं. हळूहळू तिचंच.

"सांग ना वहिनी. काही दिसलं का?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "तुला कळणार नाही."

 मग तिने फोन ठेवला.

पेन ड्राइव्ह तिने परत नेला आहे. दर रविवारी दुपारी ती एपिसोड लावते, मला माहीत आहे, कारण नंतर तिचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारते, "वहिनी, त्या दिवशी नक्की काय होतं?" मी विषय बदलते. ती वाट बघते आहे हेही कळतं. कॅप्टन तिच्यासाठी परत फिरत नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. दुःखात माणसाला भास होतात म्हणाल, तर तो भास होण्याआधी कितीतरी दिवस माझ्या कुकरखालचा गॅस कोणीतरी बंद केला होता. कोणी साधं कारण सांगितलं तर मी ऐकेन, पटलं तर ओकेही म्हणेन. आत्म्यावर माझा विश्वास अजूनही नाही.

करुणाचाही नाही. त्यामुळे ती असल्या साइट वाचत नाही.