पाच नंबरचा ब्रेक

त्याला सगळे बंब म्हणत. एक तर अंगानं तसाच, आणि सकाळी कुणी काडी लावली की संध्याकाळपर्यंत धुमसत राहायचा. "तुमचा राग टाकीत ओतला तर पेट्रोल लागायचं नाही," असं त्याची बायको म्हणायची, आणि तेवढ्यावरूनही तो भडकायचा.

टेकडीवर पर्यटकांना एटीव्ही भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीत तो सतरा वर्षं मेकॅनिक होता. मोटरसायकलसारखं हँडल, चार जाडजूड चाकं, अशा सात गाड्या. "जाते कुठूनही, थांबते का ते बघा," हे तो प्रत्येक नव्या माणसाला बजावायचा. त्याची भाची तिथेच गाईड होती. पुढच्या गाडीवर ती, मागे पर्यटकांची रांग.

त्या मंगळवारी दुपारी ती पाच नंबरची गाडी दुसऱ्या गाडीमागे दोरीनं ओढत घेऊन आली. कोपर सोललेलं, कपाळावर चिखल.

"मामा, उतारावर ब्रेक दाबला आणि लिव्हर सरळ हँडलला चिकटला. पायाचा दाबला तर नुसतं करकर करकर. शेवटी गाडी चढाला वळवली आणि मातीच्या ढिगात घातली."

"मागच्या गाडीवर कोण होतं?"

"एक बाई आणि त्यांची सात वर्षांची मुलगी."

बंबनं गाडी जॅकवर चढवली आणि चाकं उतरवली. पुढच्या ब्रेकची नळी टायरला घासून घासून फाटली होती. ब्रेक ऑइल सगळं गळून गेलेलं. नळी धरून ठेवणारी क्लिप जागेवर नव्हती. तिच्या जागी वायर बांधायची प्लॅस्टिकची पट्टी होती, तीही सैल. मागच्या ब्रेकचे पॅड झिजून त्यांचा पत्रा उघडा पडला होता, आणि त्या पत्र्यानं चाकाच्या डिस्कवर बोट अडकेल असे चर पाडले होते.

ती पट्टी मुठीत घेऊन तो तणतणत ऑफिसात घुसला.

"ही कुणी बांधली?"

मॅनेजर खुर्चीत सावरून बसला. वयानं निम्मा, पण पट्ट्याला किल्ल्यांचा मोठा जुडगा. "मीच. रविवारी क्लिप तुटली, बाहेर तीस माणसं उभी होती. तुम्ही सुट्टीवर. तात्पुरती बांधली, काका."

"तात्पुरती? माझी पोरगी तात्पुरती मेली असती!"

"ओरडू नका."

"ओरडणारच! ब्रेक आहे तो. तुझ्या पायजम्याची नाडी नाही!"

मॅनेजरचा चेहरा लाल झाला. त्यानं खणातून एक कागद काढून टेबलावर आपटला. "मी सांगायला विसरलो, माझं चुकलं. पण हे वाचा."

रोज सकाळच्या तपासणीचा तक्ता होता तो. सातही गाड्यांपुढे 'ब्रेक ठीक', आणि खाली बंबची सही. आजची.

बंबला सकाळ आठवली. शेडच्या किल्लीवरून वॉचमनशी त्याची जुंपली होती. रागारागात त्यानं उभ्या उभ्या सातही रकाने भरले होते. एकाही गाडीपाशी वाकला नव्हता. आणि पॅड काही दोन दिवसांत झिजत नाहीत. म्हणजे आधीच्या कितीतरी सकाळी तशाच गेल्या असणार.

तोंडात आलेली शिवी त्यानं गिळली. ती द्यायची कुणाला? भाची दारात उभी होती. तिनं तक्ता पाहिला, मामाकडे पाहिलं, आणि कोपर धुवायला निघून गेली. तिनं चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानं मॅनेजरच्या पट्ट्याचा जुडगा ओढून घेतला. "आज एकही गाडी जायची नाही."

"बाहेर लोक थांबलेत! मालकांना काय सांगू?"

"सांग, बंबनं न बघता सह्या केल्या. आणि पट्टीचंही सांग. दोन्ही सांगायचं, अर्धं नाही."

अंधार पडायच्या आत त्यानं सातही गाड्यांची चाकं उतरवली. तो पान्यांवर चिडत होता, गंजलेल्या नटांवर चिडत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. दोन नंबरचेही पॅड संपत आले होते. ते सापडल्यावर तो शेडच्या पत्र्यावर लाथ मारून आला, आणि पुन्हा कामाला बसला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी दोघांनाही फैलावर घेतलं. नोकरी कुणाची गेली नाही, पण तपासणीच्या सहीचा अधिकार बंबकडून काढून भाचीला दिला. सतरा वर्षांच्या माणसाला ते फार झोंबलं. आठवडाभर तो घरी कुणाशी धड बोलला नाही.

आता रोज सकाळी ती प्रत्येक गाडीपाशी त्याला वाकायला लावते. "लिव्हर दाबा मामा. अजून एकदा. चाक फिरवून दाखवा."

"दिसत नाही का? ठीक आहे म्हणून सांगतोय ना!"

"सांगू नका, दाखवा."

तो दातओठ खात चाक फिरवतो.