शेवटची दोन वळणं

त्याला स्टँडवर सगळे 'आलोच' म्हणतात. कारण सवारीचा फोन आला की हा तोंडात ब्रश घालून उभा असला तरी म्हणणार, "आलोच!" बायकोनंही तेच नाव उचललंय. "अहो आलोच, जेवायला बसताय की नुसतंच आलोच?" पण माणूस सरळ. गाडी एवढी लख्ख ठेवतो की बूट घालून आत बसायला लाज वाटावी. ऍपवर गाडी चालवणाऱ्या त्या स्टँडवरच्या सगळ्यांत याचेच तारे जास्त.

फक्त एक सवय होती. तो तिला कला म्हणायचा. सवारीचं ठिकाण दोन वळणांवर आलं की अंगठ्यानं फोनवरची हिरवी पट्टी सरकवायची. प्रवास पूर्ण! सवारी मागे बसलेलीच असते, पण ऍपला वाटतं गाडी मोकळी झाली, आणि पुढचं भाडं बाकीच्यांच्या आधी याला. नव्या ड्रायव्हरांना तर तो कौतुकानं शिकवायचा. "सवारी उतरल्यावर दाबशील तर माश्या मारत बसशील."

त्या दुपारी मागे पार्लरवाली होती. नेहमीचीच सवारी, मांडीवर शाम्पूच्या बाटल्यांची पिशवी, तोंडाची टकळी चालू. दोन वळणं उरली. यानं पट्टी सरकवली, लगेच पुढचं भाडं टुणटुणलं, नजर फोनवर गेली, आणि एका गेटातून उलटी येणारी पार्सलची व्हॅन याला दिसलीच नाही.

गाडीचा एक दिवा फुटला, बंपर चेपला. बास. पण पार्लरवालीनं पुढच्या सीटला हात टेकवला होता, तो मनगटात मोडला. उजवा हात. कात्रीचा.

दवाखान्यात हाच धावला. हाच तिच्या सासूला घेऊन आला. पार्लरवाली रडत रडत म्हणाली, "दादा, तुम्ही होतात म्हणून! दुसरा असता तर टाकून पळाला असता." आणि यानं मान खाली घातली. सासूबाईंना वाटलं, किती साधा आहे बिचारा.

मग विम्यासाठी केलेल्या अर्जाला ऍपच्या कंपनीचं उत्तर आलं. सवारी घेतल्यापासून प्रवास पूर्ण होईपर्यंत आत बसलेल्या माणसाचा विमा कंपनीचा. पण हा अपघात प्रवास पूर्ण झाल्यावर झालाय, तेव्हा गाडीत सवारी नव्हतीच. आणि याच्या स्वतःच्या गाडीचा जो विमा, तो भाड्याच्या सवारीला लागत नाही. म्हणजे दोन-दोन विमे, आणि बाई मधल्या फटीत पडली.

"असं कसं हो दादा?" तिनं फोनवर विचारलं.

याच्या तोंडून निघून गेलं, "ऍपचाच काहीतरी घोळ असेल, ताई."

स्टँडवर कळलं तेव्हा एकानं पाठीवर थाप मारली. "सुटलास की लेका! प्रवास पूर्ण होता, तुझ्यावर काही येतच नाही. काय डोकं आहे तुझं!" सगळे हसले. नवा एक जण तर म्हणाला, "दादा, मी पण आता तसंच करतो, तुम्ही शिकवलं तसं."  हा चहा तसाच ठेवून गाडीत जाऊन बसला. पट्टी नजरेसमोरच होती, हिरवीगार. वाटेत एक किलो संत्री घेतली आणि पार्लरवर गेला.

तिथं सासूबाई एका गिऱ्हाईकाचे केस धूत होत्या आणि गिऱ्हाईक ओरडत होतं, "मावशी, डोळे! डोळे!"

पार्लरवाली खुर्चीत, हात गळ्यात अडकवलेला. "या दादा! बघा, आता सासू मला कामाला लावायची सोडून मी सासूला लावलंय." मग आवाज पडला तिचा. "डॉक्टर म्हणतात या आठवड्यात ऑपरेशन करून आत प्लेट बसवायलाच हवी, नाहीतर हाड वाकडं जुळेल. मग कात्री विसरायची. आणि कंपनी म्हणते मी गाडीत नव्हते! मी काय भूत होते का?" याच्या डोक्याकडे बघून ती हसली. "हात बरा झाला की पहिली तुमची झाडी कापते. फुकट."

तेवढ्यानं हा मोडला.

"ताई, घोळ ऍपचा नाही. मी आधीच दाबलं होतं."

"काय दाबलं?"

त्यानं सगळं सांगितलं. पट्टी, दोन वळणं, पुढचं भाडं, फोनवर गेलेली नजर. सासूबाईंच्या हातातली पाण्याची नळी गिऱ्हाईकाच्या मानेवर चालूच.

 पार्लरवालीनं डाव्या हातानं कंपनीच्या विम्यावाल्या बाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "बोला. आत्ता मला सांगितलं तसंच."

तो बोलला. 

विम्यावाल्या बाई म्हणाल्या, "हे लेखी द्याल? तुमचं ऍपवरचं खातं आजपासून बंद होईल."

"देतो."

"मग फाईल परत उघडते. लोकेशन आणि दवाखान्याची वेळ जुळतेय. सवारी आत होती असं धरता येईल. ऑपरेशनची मंजुरी मी आजच पाठवते."

फोन बंद झाला. त्याला वाटलं आता जरा हलकं वाटेल. कसलं काय.

"मी दवाखान्यात रडून तुमचे आभार मानत होते," पार्लरवाली म्हणाली, "तेव्हा तुम्ही ऐकून कसं घेतलंत हो?"

  तो उठला आणि खाली जाऊन गाडीत बसला. फोन होल्डरमधून काढला, परत लावला, परत काढला. आता कुणाला आलोच म्हणायचं?

काचेवर टकटक झाली. सासूबाई. हातात संत्र्यांची पिशवी. "तिनं परत द्यायला सांगितलंय. एक मी ठेवून घेतलंय."

"मावशी, मी..."

"मला नको सांगू काही. उद्या सकाळी दवाखान्यात भरती करायचंय. दुसरी गाडी बघू का तू येतोस?"

"आलो..." तो थांबला. "येतो. तुमच्या आधी येऊन खाली उभा राहतो."

"फोन डिकीत टाक," सासूबाई म्हणाल्या, आणि मागे न बघता वर गेल्या.